बापाचे नाव, लेकाची मोटार

पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडताना एक पाटी हमखास दिसते: ‘आमची कोठेही शाखा नाही.’ परगावचा माणूस ती वाचून हसतो. पण त्या चार शब्दांमागे बहुधा एखाद्या घराण्याचे महाभारत असते. आजोबांनी कढईशेजारी उभे राहून नाव कमावलेले असते. मुलांनी ते चालवलेले असते. मग भाऊ वेगळे होतात, कोणी हिस्सा विकतो, आणि एके दिवशी समोरच्या चौकात त्याच नावाची दुसरी पाटी लागते. दुकान वाटून घेता येते, भांडीकुंडी वाटून घेता येतात, पण नाव कसे वाटायचे? ते कोणाचे? कमावणाऱ्याचे, विकत घेणाऱ्याचे, की ज्याला ते जन्मतःच मिळाले त्याचे?

हाच तंटा एका मोटारीच्या नावावरून ऑस्ट्रेलियातल्या एका घराण्याला पुरी सात वर्षे खेळावा लागला. नाव होते ब्रॅबहॅम. शर्यतींच्या दुनियेत एकेकाळी हे नाव घेतले की प्रतिस्पर्ध्यांच्या कपाळावर आठ्या पडत.

या नावाचा मूळ पुरुष जॅक ब्रॅबहॅम. २ एप्रिल १९२६ रोजी सिडनीजवळच्या हर्स्टव्हिल या उपनगरात जन्मला. वडिलांचे किराणा-भाजीपाल्याचे दुकान. ज्या वयात मुले विटीदांडू सोडत नाहीत, त्या वयात हा पोरगा वडिलांचा मालट्रक आवारात फिरवू लागला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून गॅरेजात लागला आणि रात्री तंत्रशाळेत जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात भरती झाला तो वैमानिक व्हायच्या आशेने, पण वाट्याला आले विमानांची यंत्रे दुरुस्त करण्याचे काम. ते त्याने मन लावून केले. पुढे आयुष्यभर उपयोगी पडले ते हेच.

शर्यतीत तो शिरला, तोही मागल्या दाराने. युद्धानंतर त्याने एक लहानसे यंत्रदुरुस्तीचे दुकान टाकले होते. तिथे एका अमेरिकन मित्रासाठी त्याने मातीच्या गोल मैदानावर पळवायची छोटी मोटार बांधून दिली. ही शर्यत म्हणजे धुळीचा नुसता धुरळा; वळणावर गाडीची शेपटी मुद्दाम घसरवत न्यायची, मागच्याच्या तोंडावर खडे उडवायचे आणि पुढे व्हायचे. काही दिवसांनी त्या मित्राच्या बायकोने निक्षून सांगितले, ‘हा जीवघेणा खेळ आता पुरे.’ मित्राने बायकोचे ऐकले. गाडी रिकामी पडली. मग १९४८ साली, ज्याने बांधली तोच तिच्यात बसला. एका गृहिणीच्या हट्टापायी जगाला तीन वेळचा विश्वविजेता मिळाला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१९५५ साली जॅक इंग्लंडला गेला. तिथे चार्ल्स कूपर आणि त्याचा मुलगा जॉन या बापलेकांचा मोटारींचा कारखाना होता. हा गडी तिथे घुटमळू लागला, हातात पाना घेऊन कामाला लागला आणि हळूहळू कारखान्याचाच होऊन गेला. त्या काळी शर्यतीच्या मोटारींचे इंजिन चालकाच्या पुढे असे, जसे टांग्याला घोडा पुढे. कूपरांनी ते चालकाच्या पाठीमागे नेले. मोठमोठे कारखानदार या घोड्यापुढे जुंपलेल्या गाडीला हसले. १९५९ आणि १९६० साली लागोपाठ दोनदा जॅक त्याच गाडीतून विश्वविजेता झाला, तेव्हा हसणे थांबले. काही वर्षांतच सगळ्यांची इंजिने मागे गेली.

त्यातले १९५९ सालचे विजेतेपद कसे मिळाले ते सांगण्यासारखे आहे. डिसेंबर महिना, अमेरिकेतले सेब्रिंग, वर्षातली शेवटची शर्यत. जॅक सर्वांच्या पुढे होता. शेवटच्या फेरीत, निशाण दिसू लागले असताना, गाडीतले पेट्रोल संपले. दुसऱ्या कोणाचा हात लागला असता तर नियमाप्रमाणे सारे फुकट गेले असते. जॅक खाली उतरला, हेल्मेट काढले आणि चढावरून ती गाडी एकट्याने ढकलू लागला. त्याचाच बावीस वर्षांचा सोबती ब्रूस मॅक्लारेन शर्यत जिंकून गेला. आणखी दोघे गेले. जॅकने ढकलत ढकलत गाडी रेघेपार केली, चौथा आला आणि तिथेच जमिनीवर कोसळला. उठला तो जगज्जेता म्हणून.

आता कोणी म्हणेल, एवढे झाल्यावर माणसाने स्वस्थ बसावे. पण चांगल्या स्वयंपाक्याला दुसऱ्याच्या चुलीवर फार दिवस राहवत नाही. रॉन टॉरनॅक नावाचा एक हुशार अभियंता ऑस्ट्रेलियापासूनचा स्नेही होता. त्याला जॅकने इंग्लंडला बोलावून घेतले आणि दोघांनी स्वतःचा कारखाना काढला. नाव ठेवले ‘मोटर रेसिंग डेव्हलपमेंट्स’, आणि गाडीवर त्याची आद्याक्षरे घातली: एम. आर. डी. गाडी तयार झाली आणि एक पत्रकार घाईघाईने सांगत आला, ‘अहो, ही अक्षरे फ्रेंच माणसाने उच्चारली की काय ऐकू येते ठाऊक आहे का?’ काय ऐकू येते ते घराघरांत वाचल्या जाणाऱ्या दिवाळी अंकात सांगणे बरे नव्हे. लहान मुले जे उघड्यावर करतात त्याचे ते फ्रेंच नाव आहे एवढे पुरे. नाव तत्काळ बदलले. ब्रॅबहॅमचा ‘बी’ आणि टॉरनॅकचा ‘टी’ घेऊन गाड्यांना बीटी १, बीटी २ असे क्रमांक पडू लागले. पुढे जगभर गाजलेले हे नाव अशा लाजेकाजेस्तव पडले!

हे दोघे दुसऱ्यांनाही गाड्या बांधून विकत, आणि साठच्या दशकात विकाऊ शर्यती मोटारींच्या धंद्यात त्यांच्याएवढा मोठा कारखाना नव्हता. पण जॅकचे खरे वर्ष म्हणजे १९६६. त्या साली नियम बदलले. तीन लिटरची इंजिने हवी झाली. इंग्लंडातल्या कारखानदारांची इंजिने तयार नव्हती. जॅकने इंग्लंडात शोधलेच नाही. मेलबर्नला रेप्को नावाची कंपनी होती. ती बनवी पिस्टन, बेअरिंगे, असले सुटे भाग. तिला त्याने इंजिन बांधायला लावले. एका अमेरिकन घरगुती मोटारीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा घेऊन फिल अर्व्हिंग या अभियंत्याने आठ सिलिंडरांचे साधे, हलके इंजिन रचले. त्याची ताकद सुमारे तीनशे अश्वशक्ती. फेरारीचे इंजिन याहून पुष्कळ जोरकस. पण ताकदीचे इंजिन वजनानेही जड असते, तेल जास्त पिते आणि मोडतेही लवकर. जॅकचे गणित काटकसरी गृहिणीचे होते: जे आहे ते टिकले पाहिजे.

३ जुलै १९६६ रोजी फ्रान्समध्ये रीम्स येथे फेरारीत बसलेला बांदिनी पुढे होता. त्याची वेगनियंत्रणाची तार तुटली. जॅक आपल्या चालीने आला आणि जिंकला. स्वतःचे नाव असलेल्या मोटारीतून स्वतः चालवून जागतिक अजिंक्यपदाची शर्यत जिंकणारा तो पहिला माणूस. मग ब्रँड्स हॅच, मग हॉलंडमधले झांडव्होर्ट, मग जर्मनीतले न्युर्बुर्गरिंग अशा ओळीने चार शर्यती त्याने मारल्या.

झांडव्होर्टची गंमत ऐका. जॅकला त्या एप्रिलात चाळीसावे वर्ष लागून गेले होते आणि वर्तमानपत्रे ‘आता म्हातारा झाला’ म्हणून टोमणे मारीत होती. एरवी हा मनुष्य इतका अबोल की दिवसाकाठी चार वाक्ये बोलला तर शपथ! पण त्या दिवशी तो गाडीकडे निघाला तो खोटी लांब दाढी लावून आणि काठीसारखा जॅकचा दांडा टेकत, लंगडत लंगडत. प्रेक्षक पोट धरून हसले. नंतर दाढी काढून त्याने शर्यत जिंकली. त्या साली तो तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला. आपल्या नावाच्या मोटारीतून विश्वविजेता झालेला दुसरा माणूस आजवर झालेला नाही. १९६७ साली त्याच्याच संघातला डेनी हल्म विजेता ठरला; मालक दुसरा.

१९७० साली, चव्वेचाळीसाव्या वर्षी, जॅकने हातमोजे उतरवले. शेवटच्या वर्षातही तो वर्षाची पहिली शर्यत जिंकला होता. ब्रँड्स हॅचला तर विजय हातात आलेला असताना शेवटच्या फेरीत पुन्हा तेच, पेट्रोल संपले! योखेन रिंट पुढे निघून गेला. या वेळी ढकलून काही उपयोग नव्हता.

निवृत्त होताना त्याने कारखान्यातला आपला हिस्सा टॉरनॅकला दिला; टॉरनॅकने लवकरच सारे बर्नी एक्लस्टन या चलाख इंग्रज व्यापाऱ्याला विकले. विकताना काय काय गेले? यंत्रे गेली, नकाशे गेले, कामगार गेले. आणि दारावरचे नावही गेले. जॅक ऑस्ट्रेलियात परतला, आणि इंग्लंडात ‘ब्रॅबहॅम’ त्याच्यावाचून धावू लागली.

परक्या हातीही त्या नावाने पुष्कळ पराक्रम केले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. डर्बनचा गॉर्डन मरे हा तरुण तिथला मुख्य रचनाकार झाला. १९७८ साली त्याने गाडीच्या मागे एक भला मोठा पंखा बसवला. कोणी विचारले की उत्तर मिळे, ‘इंजिन थंड ठेवण्यासाठी हो!’ इंजिन थंड होतही असेल; पण तो पंखा गाडीखालची हवा ओढून घेई आणि गाडी रस्त्याला पालीसारखी चिकटे. गाडी उभी असताना पंखा कोणाला दिसू नये म्हणून त्यावर चक्क कचऱ्याच्या डब्याचे झाकण ठेवीत. स्वीडनमधल्या शर्यतीत निकी लाउडा त्या गाडीतून जिंकला. बाकीच्यांनी असा गहजब केला की गाडी एकाच शर्यतीनंतर मागे घेतली. पुढे नेल्सन पिके १९८१ व १९८३ साली विश्वविजेता झाला. एकूण पस्तीस मोठ्या शर्यती या नावाने जिंकल्या. मग एक्लस्टनने संघ विकला, तो या हातातून त्या हातात गेला आणि कर्जात बुडाला. १९९२ च्या ऑगस्टमध्ये हंगेरीत डेमन हिलने ब्रॅबहॅम चालवली, अकरावा आला, आणि त्यानंतर त्या नावाची गाडी तिथे दिसली नाही.

याच पडत्या काळात, १९९० साली, जॅकचा धाकटा मुलगा डेव्हिड त्या संघात चालक होता. जरा विचार करा. गाडीवर आपले आडनाव, अंगावरच्या कपड्यावर आपले आडनाव, आणि घरचा मात्र त्यात छदामही नाही! गाडी इतकी दुबळी की बहुतेक वेळा शर्यतीत शिरकाव होण्याचीच मारामार. ज्या वाड्यात आजोबा राहत तिथे नातवाने भाडेकरू म्हणून राहावे, आणि छप्परही गळावे, तसा तो प्रकार.

डेव्हिड तिथून निघाला आणि दमाच्या शर्यतींत नाव काढले. फ्रान्समधल्या ल मान्स येथे चोवीस तास अखंड चालणारी शर्यत असते. ती १९९३ साली थोरला भाऊ जेफ जिंकला होता. २००९ साली डेव्हिड जिंकला. दोघेही प्यूजोच्या गाडीतून, म्हणजे दुसऱ्याच्याच नावावर.

आणि त्याच २००९ साली एका जर्मन उद्योजकाने ‘ब्रॅबहॅम’ या नावाने विश्वस्पर्धेत उतरण्यासाठी अर्ज केला. घरच्यांना विचारलेसुद्धा नाही. वडील हयात, मुले शर्यतीत, आणि पाटी तिसऱ्याचीच! तो अर्ज मंजूर झाला नाही, पण नावाचा हक्क परक्याच्या हाती होता ही गोष्ट उरलीच. कोर्टकचेरी म्हणजे काय हे आपल्याकडे सांगायला नको. शहाण्याने पायरी चढू नये म्हणतात. डेव्हिडने ती चढली, तीही परमुलखात. सात वर्षांच्या खटपटीनंतर नाव ब्रॅबहॅमांच्या घरी परत आले. ते आले तेव्हा जॅक थकला होता. १९ मे २०१४ रोजी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो वारला.

नाव आले, पण नुसत्या नावावर चाक फिरत नाही. डेव्हिडने त्याच वर्षी, आपल्याकडे गणेशोत्सवासाठी काढतात तशी, लोकांकडून वर्गणी काढली. अडीच लाख पौंडांचे उद्दिष्ट होते आणि ते पुरेही झाले. पण शर्यतीच्या संघाला तेवढे पैसे म्हणजे दर्यात खसखस. बेत रखडला. अखेर ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरच्या भांडवलदारांशी गाठ पडली आणि २ मे २०१८ रोजी लंडनच्या ‘ऑस्ट्रेलिया हाउस’मध्ये पडदा दूर झाला. खाली मोटार होती: हिरवा रंग, सोनेरी पट्टा, म्हणजे १९६६ सालचाच वेष, आणि नाव ‘बीटी ६२’. जुनी गणना जिथे थांबली होती तिथूनच पुढे.

ही मोटार मुळात रस्त्यावर चालवण्यासाठी नव्हतीच. ना नंबरप्लेट, ना वाण्याकडून सामान आणायची सोय. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच पळवायची. एकूण सत्तरच काढायच्या असे ठरवले; कारण जॅक त्या धुळीच्या मैदानात उतरला त्याला सत्तर वर्षे झाली होती. पहिल्या पस्तीस गाड्यांना पस्तीस विजयांतल्या एकेका गाडीचा रंगवेष. किंमत दहा लाख पौंड, अधिक कर. त्या वेळच्या भावाने सुमारे नऊ कोटी रुपये. हौसेला मोल नाही हे खरे, पण इतकी हौस पाहून आपल्यासारख्याच्या पोटात गोळा येतो.

तिची करामत समजण्यासाठी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी आठवा. वजन जेमतेम नऊशे किलो, ताकद चाळीसएक अश्वशक्ती. सहकुटुंब खंडाळ्याचा घाट चढताना ती धापा टाकी ते अनेकांना आठवत असेल. बीटी ६२ चे कोरडे वजन ९७२ किलो, म्हणजे पद्मिनीहून थोडेसेच अधिक; अंग सारे कार्बनच्या धाग्यांचे. आणि ताकद सातशे अश्वशक्ती! सतरा पद्मिन्या एकीत कोंबाव्यात तशी. इंजिन ५.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, अर्थात चालकाच्या पाठीमागे.

पण खरी गोष्ट ताकदीची नाही, चिकटून राहण्याची आहे. सरळ रस्त्यावर कोणीही गाडी पिटाळील. वळणावर ती फेकली जाते. विमानाचा पंख हवेच्या जोरावर वर उचलला जातो. तोच पंख उलटा करून गाडीच्या पाठीवर बसवला की हवा गाडीला खाली दाबते. या गाडीला भर वेगात बाराशे किलोंहून अधिक दाब मिळतो असे सांगण्यात आले, म्हणजे तिच्या वजनापेक्षाही जास्त. हिशेबाने तिला बोगद्याच्या छताला उलटी टांगून पळवता यावी! कोणी करून पाहिलेले नाही, हे सुज्ञपणाच. दाबाचा फायदा असा की चाके जमिनीला घट्ट धरतात आणि वळण न दचकता घेता येते. त्यात चालकाची मान मात्र मोडून निघते. म्हणून गिऱ्हाइकाला गाडीबरोबर शिकवणीही ठेवली होती. नऊ कोटी देऊन वर शाळेत जायचे!

श्रीमंतांच्या या खेळण्याचे एवढे कौतुक कशाला, असा प्रश्न मनात आला तर तो मलाही आला होता. पण कारखाना कुठे उभा राहिला ते पाहा. ॲडलेडच्या उत्तरेला एलिझाबेथ येथे होल्डन कंपनी पिढ्यान् पिढ्या ऑस्ट्रेलियाची घरगुती मोटार बनवीत होती. २० ऑक्टोबर २०१७ रोजी तो कारखाना बंद पडला, आणि त्या देशातला सामान्य माणसांसाठी मोटारी बांधण्याचा धंदाच संपला. मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे ज्यांनी थांबताना ऐकले त्यांना त्या दिवसाचे दुःख समजावून सांगायला नको. आणि अवघ्या सहा-सात महिन्यांत, तिथून जवळच्या औद्योगिक वसाहतीत, ही मोटार बांधण्याची तयारी सुरू झालेली होती. सत्तर गाड्यांनी गेलेल्या हजारो नोकऱ्या भरून निघत नाहीत. कोणी तसे म्हटले तर ती थट्टा ठरेल. पण पाना धरणाऱ्या हाताला त्या गावात निदान थोडेतरी काम दिसले.

२०१९ च्या फेब्रुवारीत बाथर्स्टच्या डोंगरी मार्गावर ही गाडी सव्वासहा किलोमीटरची फेरी एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांत, वर आणखी सेकंदाचे काही अंश घेऊन, पुरी करून आली. त्या वेळी असे छत असलेल्या कोणत्याही गाडीला जमले नव्हते. तो काही अधिकृत उच्चांक नव्हता, कारण शर्यतीत नव्हे, एकटीला मोकळे सोडून घेतलेली ती वेळ. डेव्हिडला हवी होती ती शर्यत. वडिलांचे नाव सोडवून आणले ते दिवाणखान्यात चांदीच्या फ्रेमीत लावायला नव्हे.

ती शर्यत आली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये. स्पर्धा मोठ्या मानाची नव्हे, तिथल्या हौशी-व्यावसायिक मिश्र मंडळींची, दिवस मावळल्यावर अंधारात चालणारी. डेव्हिड आणि विल पॉवेल अशा दोघांनी आळीपाळीने गाडी चालवली. डेव्हिडचे वय चोपन्न; झांडव्होर्टला दाढी लावणाऱ्या बापापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. मार्ग होता ब्रँड्स हॅचचा, जिथे १९६६ साली जॅक जिंकला आणि १९७० साली ज्याच्या शेवटच्या फेरीत त्याचे पेट्रोल संपले, तोच. त्या रात्री ब्रॅबहॅम नावाची मोटार, ब्रॅबहॅम नावाचा माणूस आत बसवून, पहिली आली. पेट्रोल पुरले.